दर रविवारी सत्तर-ऐंशी किलोमीटरनंतर पाय का संपतात? पुणे–गोवा देणगी राईडची तयारी करणाऱ्यांसाठी

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. पहिले पन्नास किलोमीटर मजेत जातात, साठलाही काही जाणवत नाही, आणि सत्तर-ऐंशीच्या दरम्यान कुठेतरी माणूस एकदम संपतो. सपाट रस्त्यावर वेग पंधराच्या खाली येतो. उरलेलं अंतर कसंबसं रेटत घर गाठायचं आणि दुपारभर आडवं पडायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, तेही त्याच सुमाराला. डिसेंबरात तर गोव्याला निघायचं असतं. सातारा, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी करत चार दिवसांत साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. नातेवाइकांनी, ऑफिसातल्या लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केलेले असतात. आणि इथे शंभरसुद्धा धड पूर्ण होत नाहीत.

यावर सगळीकडून एकच सल्ला मिळतो: स्टॅमिना कमी पडतोय, अजून राईड्स कर. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे. आठवड्यातून तीनदा सायकल काढणाऱ्या आणि पन्नास किलोमीटर हसतखेळत करणाऱ्या माणसाच्या अंगात शंभराला पुरेल इतका दम असतोच. तो ऐंशीला थांबतो त्याचं कारण ऐंशीव्या किलोमीटरवर सापडत नाही. ते पहिल्या पंचवीस किलोमीटरमध्ये असतं, नाहीतर आदल्या रात्रीच्या ताटात, नाहीतर त्या महिन्याच्या हवेत. ते न शोधता नुसत्या राईड्स वाढवल्या, तर तोच त्रास जास्त वेळा होतो, इतकंच.

अंतराची भीती वाटत असेल तर एक हिशेब सांगतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी एड्सग्रस्तांसाठी निधी उभारणारी राईड होती. १९९४ साली ती सुरू झाली, २००२ पासून ‘एड्स/लाइफसायकल’ या नावाने चालली आणि २०२५ मध्ये शेवटची झाली. ५४५ मैल, सात दिवस. म्हणजे रोज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तेही सात दिवस ओळीने. ती करणाऱ्यांत शर्यतीचे सायकलपटू थोडे आणि नोकरी-धंदा सांभाळून तयारी करणारे जास्त. आपले चार दिवस त्याच मापाचे आहेत. नेटाने तयारी करणाऱ्या साध्या माणसाच्या आवाक्यातलं हे काम आहे, हे मनात पक्कं ठेवूनच पुढचं वाचा.

आधी ओळखा: नक्की काय संपलं?

‘गळून गेलो’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळे त्रास येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून त्या क्षणी थोडं स्वतःकडे बघायची सवय लावा.

पायांबरोबर डोकंही गेलं का? म्हणजे चिडचिड, हात थरथरणं, घाम थंडगार होणं, डोळ्यांपुढे अंधारी, साधा हिशेब न सुचणं, राईड इथेच सोडून द्यावी असं वाटणं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत अचानक आलं असेल तर इंधन संपलं आहे. सायकलवाले याला बॉन्क म्हणतात. थांबा, सावलीत बसा, उसाचा रस किंवा साखर घातलेलं सरबत प्या, वर दोन केळी खा. वीस मिनिटांत माणसात आलात तर निदान झालं. उपचार हीच इथली तपासणी.

डोकं स्वच्छ आहे, भूकही नाही, पण पायांत शिसं भरल्यासारखं वाटतं आणि जोर लावला तरी नाडी वर जात नाही? खाऊनही फरक पडत नाही? मग एकतर सुरुवातीला फार जोरात गेलात किंवा आठवडाभराचा थकवा घेऊनच निघालात.

वेग तोच, रस्ता तोच, पण नाडी तासागणिक चढत चालली आहे, डोकं ठणकतंय, तोंड कोरडं पडलंय, अंगाची आग होतेय. हा पाण्याचा आणि उन्हाचा मामला.

आणि चौथा प्रकार म्हणजे पेटके. पोटऱ्यांत किंवा मांडीत गोळे येतात, तेही बहुतेकदा चढावर. लोक लगेच मिठावर घसरतात. भरपूर घाम गाळणाऱ्यांना मिठाचा उपयोग होतो, पण पेटक्यांमागे बऱ्याचदा स्नायूंचा थकवा असतो: सवयीपेक्षा जास्त जोर, सवयीपेक्षा जास्त वेळ. चढावर जड गिअर रेटणाऱ्यांना ते जास्त येतात. हलका गिअर टाका, पाय जरा भरभर फिरवा, बाकीचं नंतर बघू.

एक गोष्ट मात्र वेगळी काढतो, कारण तिथे निदान करत बसायचं नाही. छातीत दुखणं किंवा दडपण, न थांबणारी धाप, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, उन्हात असंबद्ध बोलणं: यातलं काहीही झालं तर राईड संपली. १०८ ला फोन करा. उन्हाने माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला.

पहिले पंचवीस किलोमीटर

रविवारी पहाटे साडेपाचला चौकात सगळे जमतात. हवा गार, रस्ता मोकळा, आठवडाभर साचलेला उत्साह. गटात दोघे-तिघे जुने, तयारीचे. ते आपल्या नेहमीच्या चालीने निघतात आणि नवे त्यांच्या मागे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त इथेच सुरू झालेल्या असतात असं माझं ठाम मत आहे.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी ताकद घनाने. ताशी वीसवरून पंचवीसवर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण नुसती हवा कापायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. कोणाच्या तरी मागे चिकटून चाललात तर यातला मोठा वाटा वाचतो, म्हणून तेव्हा कळत नाही. चाळीस किलोमीटरवर गट पुढे निघून जातो, तुम्ही एकटे उरता, समोरून वारा लागतो, आणि तोपर्यंत पायांतलं बरंच काही खर्च झालेलं असतं.

त्यात आपले घाट. दक्षिणेला निघालात तर कात्रज, सासवडकडे वळलात तर दिवे घाट किंवा बोपदेव. पुण्यातून या बाजूंना लांब जायचं म्हटलं की चढ पहिल्या तास-दीड तासातच येतो. ताज्या पायांनी तो जोरात मारला जातो, वर पोहोचल्यावर फोटो निघतात. त्या पंधरा-वीस मिनिटांची किंमत दुपारी अकराला वसूल होते.

उपाय साधा आहे, पाळायला अवघड आहे. पहिल्या पंचवीस किलोमीटरमध्ये पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. तुटक शब्दांत बोलावं लागलं की वेग कमी करायचा, मग गट दिसेनासा झाला तरी चालेल. घाटातही तेच, सगळ्यात हलक्या गिअरवर. नाडीचा पट्टा (छातीला बांधून ठोके मोजणारा) असेल तर चढावर आकडा कुठे जातो तो बघून ठेवा, पण पट्टा नसला तरी बोलण्याची कसोटी पुरेशी आहे. चाल बरोबर असेल तर पहिला तास कंटाळवाणा वाटतो.

जे गट चालवतात त्यांना कळकळीची विनंती. देणगी राईडच्या सरावाला नव्यांना बोलावता तेव्हा आदल्या दिवशीच वेग जाहीर करा आणि शेवटच्या माणसामागे एक जुना राईडर ठेवा. देणाऱ्यांनी पैसे पोहोचण्यासाठी दिलेले आहेत. ताशी किती वेगाने पोहोचलात हे त्यातलं कोणी विचारत नाही.

वारा, आणि चौफुल्याचा फसवा रस्ता

याला वेगळी जागा देतोय, कारण जुलै-ऑगस्टमध्ये तयारी सुरू करणारे हमखास यात अडकतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. घाट नको, सपाट रस्ता हवा म्हणून लोक सोलापूर रस्ता धरतात: हडपसर, उरुळी, यवत, चौफुला. पूर्वेला जाताना वारा पाठीशी. अठ्ठावीसच्या चालीने चौफुला येतं, नाश्ता होतो, ‘आज काय पाय चालतायत!’ असं प्रत्येक जण म्हणतो. मग वळायचं, आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटर वारा तोंडावर. शिवाय सकाळी वारा पडलेला असतो आणि जमीन तापू लागली की वाढतो, त्यामुळे परतीची वाट दुहेरी जड होते. सत्तरच्या पुढे पाय संपतात ते यामुळे. तंदुरुस्ती तीच असते, वाऱ्याची बाजू बदललेली असते.

या दिवसांत राईड अशी आखा की जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर. ते शक्य नसेल तर घराजवळून दोनदा जाणारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे दोन फेरे काढा. वाऱ्यात किलोमीटरचा आकडा आणि वेग बघूच नका. तासांवर राईड मोजा. समोरच्या वाऱ्यात चार तास ही उत्तम तयारी आहे, मग त्यात सत्तरच किलोमीटर झाले तरी. कोपर थोडं वाकवा, अंग खाली घ्या, गिअर एक-दोन घर हलका ठेवा. चार-पाच जण असाल तर दर पाच मिनिटांनी पुढचा माणूस बदला, आणि नव्याला पुढे कमी वेळ ठेवा.

पोटाचा हिशेब

आता ऐंशी हाच आकडा का, ते बघू. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली साखर) असतं, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरी. मध्यम चालीने सायकल चालवताना तासाला चारशे ते सहाशे कॅलरी लागतात. त्यातला काही भाग चरबीतून येतो, पण वेग वाढवला की चरबीचा वाटा घटतो आणि ग्लायकोजेनचा वाढतो. ताशी वीसच्या हिशेबाने ऐंशी किलोमीटर म्हणजे चार तास. सुरुवात जोरात झालेली, पोट रिकामं, वाटेत फक्त पाणी आणि एक चहा. चौथ्या तासाला कोठार तळाला जाणारच. पन्नास किलोमीटर न खाता जमतात, म्हणून माणसाला वाटतं की शंभरही जमतील. पन्नासला साठा पुरतो, म्हणून चूक दिसत नाही, एवढंच.

रात्रभराच्या झोपेत यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. त्यामुळे पहाटे नुसत्या चहावर निघणं ही लांब राईडसाठी वाईट सुरुवात. निघण्याआधी काहीतरी पोटात हवंच: दोन केळी, गूळ-पोळी, जॅम लावलेला पाव, जे पचतं ते. आदल्या रात्री भात-वरण, बटाट्याची भाजी, पोळी असं साधं, पिठूळ जेवण. रात्रीचं हॉटेलचं मसालेदार जेवण पहाटेपर्यंत पोटात राहतं आणि झोपही बिघडवतं.

सायकलवर तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं हे माप धरा. सवय नसेल तर तीसपासून सुरू करून काही आठवड्यांत वाढवा, कारण आतड्यांनाही सराव लागतो. साठ ग्रॅम म्हणजे किती? मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास. वसईकडची छोटी वेलची केळी असतील तर निम्मं धरा. चार खजुरांत वीस-पंचवीस. राजगिऱ्याच्या छोट्या लाडवात दहा-पंधरा. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात जवळजवळ नऊ. परदेशी जेल महाग आहेत आणि नसले तरी काही अडत नाही. आपल्या फळीवरच्या डब्यात सगळं आहे. शेंगदाण्याची चिक्कीही चालते, पण तिच्यात तेलकटपणा बराच, म्हणून ती हळू चालीच्या तासांत खा. चढ चढताना केळं किंवा खजूर बरा.

भूक लागायची वाट बघू नका. निघाल्यापासून विसाव्या मिनिटाला पहिला घास, आणि मग दर वीस मिनिटांनी. घड्याळात गजर लावा. बॉन्क जाणवायला लागल्यावर खाल्लेलं वेळेवर पोहोचत नाही.

मिसळीबद्दल बोलावंच लागेल. रविवारची राईड आणि चाळीस किलोमीटरवरची मिसळ हे आपल्याकडे जोडूनच येतं, आणि राईड संपल्यावर ती जरूर खा, भरपेट खा. मध्यावर खाल्लेली मिसळ किंवा वडापाव मात्र तर्रीच्या तेलामुळे पोटात रेंगाळतो. पचनासाठी रक्त पोटाकडे हवं, आणि तुम्ही ते पायांकडे मागता. अर्धा-पाऊण तास बसून पायही थंड पडतात. मध्यावर काही गरम हवंच असेल तर पोहे, इडली, किंवा उसळ बाजूला ठेवून पाव आणि गोड चहा.

तयारीच्याच काळात श्रावण येतो, मग नवरात्र. उपवास करणाऱ्यांना लोक ‘राईड नको’ म्हणतात. मला ते सरसकट पटत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. रताळं, राजगिरा, केळी, खजूर हे सगळं उपवासाला चालतं आणि सायकललाही चालतं. अडचण होते ती दिवसभरात एकदाच खाणाऱ्यांची आणि निर्जळी करणाऱ्यांची. त्यांनी त्या दिवसांत लांब राईड ठेवू नये, तासाभराची हलकी ठेवावी. नवरात्राचे नऊ दिवस कमी खाऊन दहाव्या दिवशी शंभरला निघणंही टाळा. आधी दोन दिवस नीट जेवा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. लांब राईडमध्ये साखर धोकादायक खाली जाऊ शकते आणि औषधाचं माप बदलावं लागू शकतं.

ऑक्टोबरचं ऊन

पाऊस ओसरतो, वारा पडतो, आणि लोकांना वाटतं आता सोपं जाईल. मग ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं आणि तोच ऐंशीचा अडथळा नव्या कारणाने उभा राहतो. जमिनीत ओल, हवेत दमटपणा, नऊनंतर चटका.

किती प्यायचं याचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही, म्हणून मोजून बघा. राईडच्या आधी कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा सत्तर किलोचे अडुसष्ट पूर्णांक सहा झाले आणि चार तासांत तुम्ही दोन लिटर प्यायलात. म्हणजे एकूण तीन पूर्णांक चार लिटर गेलं, तासाला साडेआठशे मिलिलिटर. वजनात दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ द्यायची नाही, आणि इथे ती बरोबर दोन टक्के आहे. म्हणजे याच उन्हात पाच तास चालवायचं असेल तर प्यायचं माप थोडं वाढवावं लागेल. बहुतेकांचं काम तासाला अर्धा ते पाऊण लिटरमध्ये भागतं.

उलटी बाजूही आहे. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली येतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकेदुखी, आणि राईडनंतर वजन वाढलेलं दिसणं ही त्याची खूण. तेव्हा आणखी पाणी पाजणं घातक ठरू शकतं.

ओआरएसबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. बाटलीत ओआरएस घातलं की ताकदही मिळाली, असं लोकांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धं केळं. ते क्षार आणि पाणी भरून काढायला आहे, पोट भरायला नाही. दोन बाटल्या असतील तर एकीत ओआरएस ठेवा आणि दुसरीत लिंबू सरबत: अर्ध्या लिटरला सहा-सात चहाचे चमचे साखर, दोन-तीन चिमूट मीठ, लिंबू. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं आणि दोन्ही आतड्यात वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात, म्हणून हे घरगुती सरबत खरोखर चांगलं काम करतं.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर पाचला निघा, मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा लावून, आणि साडेदहापर्यंत घरी या. हेल्मेटच्या फटींतून डोक्यावर पाणी ओतलं की बराच आराम पडतो. टपरीवर थांबाल तेव्हा एक बाटली त्यासाठी भरून घ्या.

सायकल तपासायला दहा मिनिटं

यावर फार शब्द खर्च करत नाही, पण ही दहा मिनिटं टाळूही नका. चाक उचलून फिरवा. ब्रेकला घासून थांबत असेल तर प्रत्येक किलोमीटरला तुम्ही ब्रेक ओढत चालला आहात. हवा दर राईडच्या आधी पंपाने मोजून भरा, अंगठ्याने दाबून कळत नाही. डोंगरी सायकलीचे खाचांचे जाड टायर घेऊन डांबरी रस्त्यावर सराव करणाऱ्यांनी गुळगुळीत टायर बसवून घ्यावेत. या एका बदलाने लोकांचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे. चेन कोरडी करकरत नसावी. सीटची उंची: टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेलं की पाय सरळ व्हायला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखतं आणि मांड्या लवकर पेटतात. फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे ताण येतो आणि कंबर डुलते. बदल करताना एका वेळी चार-पाच मिलिमीटरच.

आठवडा कसा गेला?

नोव्हेंबर उजाडला की घबराट सुरू होते. राईड महिन्यावर आली, अजून शंभर होत नाहीत, म्हणून माणूस रोज पहाटे उठून चाळीस करतो, ऑफिसला जातो, रात्री बाराला झोपतो आणि रविवारी पुन्हा शंभरचा प्रयत्न करतो. त्या रविवारी पाय जड असतात आणि खाण्यापिण्याने काही फरक पडत नाही. हा साचलेला थकवा आहे. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागत असेल, झोप तुटत असेल, जिना चढताना मांड्या दुखत असतील, तर त्या आठवड्यात राईड्स निम्म्या करा.

चार दिवसांच्या राईडसाठी एका अवाढव्य रविवारपेक्षा शनिवार-रविवार जोडून केलेली तयारी जास्त कामाची. शनिवारी साठ, रविवारी ऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळी थकल्या पायांनी सायकलवर बसायची जी सवय लागते तीच साताऱ्याच्या मुक्कामानंतर उपयोगी पडते. दर चौथा आठवडा हलका. सगळ्यात लांब राईड, एकशे दहा ते वीसची, निघण्याच्या तीन आठवडे आधी एकदा. शेवटचे दहा दिवस फक्त पाय मोकळे करण्यापुरते. या दिवसांत राहिलेलं भरून काढता येत नाही, असलेलं घालवता मात्र येतं.

आणि पैशांचं ओझं. हे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात असतं. लोकांनी एका मुलाच्या ऑपरेशनसाठी, एका शाळेच्या खोलीसाठी पैसे कबूल केलेले असतात, म्हणून सराव अर्धवट सोडला की अपराधी वाटतं. त्यापायी माणसं तापात सायकल काढतात, गुडघा सुजलेला असताना घाट चढतात. सरावाची राईड सत्तरला थांबवली तर त्या मुलाच्या वाट्याचा एक रुपयाही कमी होत नाही. गुडघा कायमचा दुखावून डिसेंबरात घरी बसलात तर होतो. पोटऱ्या मोकळ्या ठेवून टेम्पोने घरी येणं हाही तयारीचाच भाग आहे.

येत्या रविवारी हे करून बघा

राईड नव्वदची ठेवा, घराजवळून जाणारे दोन फेरे, घाट नको. शनिवारी रात्री दहाला झोपा. पहाटे खाऊन निघा. शक्यतो एकटे, नाहीतर एका समजूतदार जोडीदाराबरोबर. पहिला फेरा गप्पांच्या चालीने, दर वीस मिनिटांनी घास, दर दहा मिनिटांनी दोन घोट. दोन्ही फेऱ्यांना लागलेला वेळ लिहून ठेवा.

दुसरा फेरा पहिल्याइतक्याच वेळात किंवा थोड्या जास्त वेळात झाला आणि तुम्ही आपल्या पायांनी जिना चढून घरी गेलात, तर दम तुमच्याकडे होताच. मग पुढच्या रविवारी यातली एकच गोष्ट जुन्या पद्धतीने करा. गटाबरोबर जा, पण खाणं हेच ठेवा. तेव्हा त्रास परतला तर दोष चालीचा. परतला नाही तर त्यापुढच्या आठवड्यात घाट घ्या. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर काहीच कळणार नाही.

नीट खाऊन, झोपून, हळू जाऊन, दोन-तीन रविवार असे करूनही साठ-सत्तरलाच पाय संपत असतील, तर सरावाचा नाद तात्पुरता सोडा आणि रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, साखर. आपल्याकडे लोहाची कमतरता खूप आहे, बायकांमध्ये विशेष, आणि शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणंही नेहमीचं. चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना सांगा की चार दिवस रोज शंभरावर किलोमीटर सायकल चालवायची आहे, आणि त्यांनी सुचवली तर ताण चाचणी करून घ्या. हे काम ऑगस्टमध्येच उरकलं तर उत्तम, कारण लोह भरून यायला दोन-तीन महिने लागतात.